गोळी आणि वजनकाटा

संयोजकांनी मला ‘तरुणांचे मानसिक आजार’ असा विषय दिला आणि मी वजनकाट्यावर बोलणार आहे. कारण आधी सांगून टाकतो.

आपल्या मुळशी तालुक्यातल्याच एका घरी गेलो होतो. पोरगा चोविशीचा. बाविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू येऊ लागले. आधी बाहेरचं बघून झालं, अंगारे-धुपारे झाले, मग पुण्याचे डॉक्टर. गोळ्या लागू पडल्या. आई म्हणाली, “आता गप असतो, पोटभर जेवतो, झोपतो.” भावाच्या लग्नात शिवलेली पँट त्याने हसत हसत चढवून दाखवली, तर बटण आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर! दोन वर्षांच्या फाइलमध्ये गोळ्यांची नावं पानोपानी होती. वजन एकदाही नव्हतं, साखर नव्हती.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात. आपल्याला वाटतं, जिवाचं बरंवाईट करून घेत असतील. तेही घडतं, पण त्याहून जास्त जण हृदयविकार, मधुमेह, छातीचे आजार अशा साध्या, टाळता येण्याजोग्या दुखण्यांनी जातात. ओलँझापिन, क्लोझापिनसारख्या औषधांनी भूक खवळते, वजन चढतं. त्यात तंबाखू, उलटीपालटी झोप, घरकोंडी. आणि असा रुग्ण छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेला, तर ‘याला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत’ एवढं ऐकून तपासणाराच अर्धवट तपासतो. माझ्या मते हे शेवटचं कारण सर्वांत लाजिरवाणं आहे.

सगळं खापर गोळ्यांवरही फोडू नका. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा अजून चालू आहे. ज्यांना तरुणपणी मनाचे आजार, अगदी चिंता आणि नैराश्यसुद्धा, जास्त झाले, त्यांचं शरीर पंचेचाळिशीत अधिक झिजलेलं आढळलं. औषधं, धूम्रपान, वजन यांचा हिशेब वजा केला तरी फरक उरलाच. आणि फिनलंडच्या नोंदी पाहिल्या, तर आवाज ऐकू येतात त्या स्किझोफ्रेनिया या आजारात औषध घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगलेले दिसतात. तेव्हा आज घरी जाऊन कुणाच्या गोळ्या बंद करू नका!

आपल्याकडे पुण्यात, कॅनडातल्या कॅल्गरीचे प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणातून शिकून स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. याच आजारावरच्या २००४च्या ‘देवराई’ चित्रपटामागेही तेच होते. पण त्या चित्रपटानंतर बोलणं जेवढं मोकळं झालं, तेवढी वजन-साखरेची तपासणी वाढली नाही.

आता गंमत पाहा. मनाचे जवळपास निम्मे आजार अठराव्या वर्षापर्यंत डोकावतात. गावातली रक्तदाब-साखरेची सरकारी तपासणी मात्र तिशीच्या पुढच्यांसाठी. आपला चोविशीचा पोरगा या यादीत बसतच नाही. बोलायला कुणी हवं असेल, तर टेलीमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, जरूर लावा. पण फोनवरून कंबर मोजता येत नाही. घरात अशा गोळ्या चालू असलेलं पोरगं असेल, तर आशाताई दारात आल्यावर तिला एवढंच सांगा: “ताई, याचं वय बघू नका. याला काट्यावर उभा करा आणि साखर तपासायला लावा.”