हवा गेली की गाडी कशावर बसणार?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आज विषय असा घेतलाय की ज्याच्या रील्स तुम्ही सगळ्यांनी बघितल्यात. गाडी उभी असते, कुणीतरी खिशातून रिमोट काढतो, फुस्स आवाज येतो आणि गाडी हळूच जमिनीला टेकते. म्हैस पाण्यात बसावी तशी. एअर सस्पेन्शन!

रीलमध्ये ते 15 सेकंदांत होतं. त्या 15 सेकंदांच्या मागे नेमकं काय बसवलेलं असतं, ते आज सांगतो. मी कोल्हापुरात फॅब्रिकेशनचं काम करतो. एका मित्राच्या पोलोवर आम्ही हा सेटअप बांधला. तयार किट न आणता बॅगा, व्हॉल्व्ह, टाकी असं सुटं सामान जमवलं आणि मधले सगळे जोड इथेच बनवले. म्हणून आजचं उदाहरण तीच गाडी.

आधी बेसिक: हवेची स्प्रिंग म्हणजे काय

साध्या गाडीत लोखंडी कॉइल स्प्रिंग असते. तिच्या जागी जाड रबराची, आत दोऱ्यांचं विणकाम असलेली पिशवी बसवायची आणि तिच्यात हवा भरायची. झाली एअर स्प्रिंग. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा खाली ढकला. सुरुवातीला सहज जातो, पुढे पुढे घट्ट होतो आणि सोडला की परत वर येतो. बॅग हेच करते. खड्डा छोटा असेल तर मऊ, मोठा दणका बसला तर आपोआप कडक.

एक गैरसमज इथेच मोडू. बॅग आली म्हणून शॉकअप निघत नाही. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप तिचं उसळणं थांबवतो. दोन कामं वेगळी. नुसत्या बॅगेवर गाडी होडीसारखी डुलत राहील.

आता थोडा हिशोब, घाबरू नका. पोलोच्या पुढच्या एका चाकावर साधारण 300 किलो भार धरा. बॅगेचं कामाचं क्षेत्रफळ 60 चौरस सेंटिमीटर असेल, तर 300 भागिले 60 म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो. पीएसआयमध्ये सुमारे 71. कुठली बॅग घ्यायची, टाकी किती दाबाची लागेल, सगळं या एका भागाकारातून निघतं. 'मित्राने घेतली म्हणून मीपण तीच घेतली' असं करू नका. त्याच्या गाडीचं वजन वेगळं, तुमचं वेगळं.

पोलोवर सोपं काय, अवघड काय

पोलो आपल्या चाकणला बनायची, 2022 पर्यंत. मागे टॉर्शन बीम आहे, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. स्प्रिंग काढली, वर-खाली दोन वाट्या बनवल्या, मध्ये बॅग ठेवली. मागचं काम तुलनेने सोपं.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट. तिथे शॉकअप स्प्रिंगच्या मधूनच जातो, म्हणजे बॅगसुद्धा त्याच्याभोवतीच बसवायची. आणि एका बाजूला टायर. बॅग फुगली की तिचा घेर वाढतो. टायरला, ब्रेकच्या पाइपला, कुठल्याही पत्र्याला ती नुसती घासली तरी काही दिवसांत रबर कापलं जातं. बॅगेच्या सगळ्या बाजूंनी मोकळी जागा हवी, तीही गाडीच्या प्रत्येक उंचीला.

याच कामाचे भाग वळवून घ्यायला आम्ही उद्यमनगरात गेलो. तिथले लेथवाले मामा, आयुष्य मशीनवर गेलंय त्यांचं. ड्रॉइंग उलटसुलट करून बघितलं आणि एकच विचारलं, ''व्हय रं, ह्यातली हवा गेली की गाडी कशावर बसणार?''

मित्र म्हणाला, ''मामा, चांगल्या कंपनीच्या बॅगा आहेत, हवा नाही जात.''

मामा हसले. ''रबर हाय ते. आज न्हाई तर उद्या जाणारच की.''

मंडळी, आजच्या भागाचं सार या प्रश्नात आहे. रील बघणारा विचारतो, गाडी किती खाली जाते? बांधणाऱ्याने विचारायचं, हवा शून्य झाल्यावर काय होतं?

रेल्वेची साखळी आठवा

मोठ्या यंत्रांमध्ये हा प्रश्न कधीच विचारून झालाय. रेल्वेत साखळी ओढली की गाडी का थांबते? साखळीने ब्रेकच्या पाइपातली हवा बाहेर पडते, आणि हवा गेली की ब्रेक लागतात. जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1872 मध्ये ही रचना आणली. डबा तुटला, पाइप फाटला, काहीही झालं तरी गाडी थांबणार. ट्रक आणि बसच्या पार्किंग ब्रेकलाही हेच तत्त्व. हवा गेली की आतली स्प्रिंग ब्रेक आवळते.

शिवनेरीने मुंबई-पुणे केलं असेल तर एअर सस्पेन्शनवर तुम्ही बसलाही आहात. त्या बसच्या बॅगांच्या आत रबराचा ठोकळा असतो. बॅग बसली तर बस त्या ठोकळ्यावर टेकते. डुगडुगत का होईना, ड्रायव्हर ती बाजूला घेऊ शकतो.

उलट उदाहरण पण ऐका. अमेरिकेत कॅडिलॅकने 1957 मध्ये एल्डोराडो ब्रोएम नावाची फार महागडी गाडी एअर सस्पेन्शनवर काढली. गळती इतकी सतावायची की पुढे बऱ्याच मालकांनी हवेचा सगळा पसारा काढून साध्या कॉइल स्प्रिंग बसवून घेतल्या. इतक्या मोठ्या कंपनीच्या गाडीची ही गत, मग आपण गॅरेजमध्ये बांधणार तर किती जपायला हवं?

शून्यापासून वर बांधायचं

म्हणून आम्ही उलटीकडून सुरुवात केली. बॅगेत हवाच नाही असं धरून गाडीची सगळ्यात खालची जागा आधी ठरवली.

मित्राची ही घरातली एकुलती एक गाडी. आठवडाभर ऑफिस, रविवारी आईला घेऊन जोतिबा. घाटातल्या वळणावर पुढची बॅग गेली तर? अशा वेळी तीन गोष्टी हव्यात. टायर फेंडरला लागता कामा नये. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं पाहिजे. आणि इंजिनचं चेंबर रस्त्याला टेकता कामा नये.

आम्ही बंप स्टॉप, म्हणजे ते रबरी ठोकळे, अशा उंचीवर बसवले की हवा शून्य असताना चेंबर जमिनीपासून 70 मिलिमीटर वर राहील. याचा अर्थ काय? ही गाडी रीलसारखी जमिनीला टेकत नाही. टेकणारच नाही. मित्राच्या ग्रुपमध्ये यावरून चेष्टा झाली, 'अरे ही तर अर्धीच बसते!' मित्र दोन दिवस नाराज होता. मग म्हणाला, ''आई शेजारच्या सीटवर असते, अर्धीच बसू दे.''

शून्याची तपासणी झाली की वरच्या टोकाची. बॅगा पूर्ण फुगवा. ब्रेकचा होज ताणला जातोय का? ड्राइव्ह शाफ्टचा कोन फार वाकडा होतोय का? शॉकअप पूर्ण ताणून अडकतोय का? ही दोन टोकं पक्की झाल्यावरच मधली, चालवायची उंची ठरवा. व्हील अलाइनमेंट करायची ती याच उंचीला, कारण उंची बदलली की टो आणि कॅम्बर दोन्ही बदलतात.

आणि हे तपासताना फक्त बॅगेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही, म्हणजे कधीही शिरू नका. जॅक स्टँड लावा. ज्या हवेवर आपण विश्वास ठेवत नाही आहोत, तिच्याखाली डोकं कशाला?

पाइप, टाकी आणि वाचवलेले पैसे

या कामात पैसे वाचवायचा मोह नेमका नको तिथे होतो. तीन जागा सांगतो.

पहिली. पुढच्या दोन्ही बॅगांना एकच पाइप, मध्ये टी जोड. एक व्हॉल्व्ह वाचतो. पण वळणावर काय होतं? बाहेरच्या बाजूवर वजन येतं, तिथली बॅग दाबली जाते आणि हवा पाइपातून आतल्या बाजूच्या बॅगेत पळते. जिथे आधार हवा तिथली हवा गेली. गाडी जास्तच कलते. म्हणून चार चाकं, चार वेगळ्या लाइन.

दुसरी, जोड. पाइप ट्रकच्या एअर ब्रेकला चालतो तसा नायलॉनचा घ्या आणि पाइप कटरनेच कापा. पक्कडीने कापला की तोंड चेपतं, तिरकं होतं आणि पुश फिटिंगमधून बारीक हवा जात राहते. सगळं जोडून झालं की साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर. पंक्चरवाला करतो तेच. बुडबुडा दिसला की जोड उघडा. मग रात्रभर ठेवून सकाळी प्रत्येक बॅगेचा दाब परत वाचा.

तिसरी, वायरिंग. डिकीतला 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर भरपूर करंट ओढतो. त्याला जाड वायर, रिले आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. फ्यूज डिकीत लावला तर बॅटरीपासून डिकीपर्यंतची वायर उघडीच राहिली. ती कुठे घासली तर आग.

टाकीचं म्हणाल तर आमची 19 लिटरची आहे, 175 पीएसआयपर्यंत भरते. चार बॅगा, प्रत्येकी दोनेक लिटर, शून्यापासून चालवायच्या दाबावर आणायला टाकीतला दाब साधारण 30 पीएसआयने उतरतो. म्हणजे प्रत्येक वेळी कॉम्प्रेसर घरघरत नाही. दाबलेल्या हवेतून पाणी सुटतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारू नका. टाकीला खाली ड्रेन कॉक हवाच, आणि तो उघडायची सवयही हवी.

आणखी एक. दाब बघून उंची ठरवू नका. मागच्या एका चाकावर रिकाम्या गाडीत 200 किलो येतात असं धरा. मागे तीन जण बसले, डिकी भरली की ते 300 च्या आसपास जातं. तीच उंची ठेवायला दीडपट दाब लागला ना? म्हणून उंची मोजणारे सेन्सर लावा. बसमध्ये हेच काम एक दांडीवाला व्हॉल्व्ह करतो, वर्षानुवर्षं, ॲपशिवाय.

आता कागदाचं बोलू

हा भाग कुणाला आवडत नाही, पण ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-ए नव्याने लिहिलं गेलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच विचारणार, हा बदल आम्हाला कळवला होता का?

'सगळेच करतात' हे उत्तर ना आरटीओत चालत, ना दवाखान्यात.

म्हणून पोलोवर आम्ही चेसिस कुठेही कापलं नाही. प्रत्येक भाग मूळ बोल्टच्या भोकांवर बसतो. मूळ स्ट्रट आणि स्प्रिंग तेल लावून जपून ठेवलेत. शोला गाडी ट्रेलरवर जाते, बॅगा बंद आवारात चालतात. वाळूची पोती भरून, एकेका बॅगेची मुद्दाम हवा सोडून सगळ्या चाचण्या तिथेच केल्या. रस्त्यावर मात्र ती आजही मूळ स्प्रिंगवर धावते. लेखी परवानगी हातात येईपर्यंत असंच. आई अजून मूळ स्प्रिंगवरूनच जोतिबाला जाते.

तर मित्रांनो, कुणी तुम्हाला हा सेटअप विकायला आला, किंवा तुम्ही स्वतः बांधायला घेतला, तर ॲडव्हान्स देण्याआधी चार गोष्टी विचारा. हवा शून्य असताना स्टेअरिंग पूर्ण फिरतं का, समोर करून दाखव. चारही चाकांना वेगळी लाइन आहे का? फ्यूज कुठे आहे, बोट ठेवून दाखव. आणि गाडी परत मूळ रूपात आणता येईल का? यातल्या एकाही प्रश्नावर समोरचा 'टेन्शन नको घेऊ भावा' म्हणाला, तर पैसे खिशातच राहू द्या.

पुढच्या भागात शॉकअपबद्दल बोलू. कडक म्हणजे चांगला का, आणि आपल्या रस्त्यांवर नेमका कसा हवा. तोपर्यंत हळू चालवा, मागे बसलात तरी बेल्ट लावा. भेटू!