गेटबाहेर उभी गाडी

आवाज नीट येतोय ना? बरं.

मी नावड्याचा, तालुका पनवेल. एका बाजूला तळोजा एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला कळंबोली, मधून मुंब्रा-पनवेल रस्ता. दिवा-पनवेल लाईनवर 'नावडे रोड' नावाचं स्टेशनपण आहे. आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की आधी ट्रेलर ओळखायला शिकतं. मी 14 वर्षं गाडी चालवतोय. सुरुवातीला कळंबोलीच्या लोखंड बाजारातून स्टीलचा माल, आणि आता बरीच वर्षं दुकानांचा माल. साबण, तेल, बिस्किटं, डायपर, वेफर्स. वेफर्सने गाडी छतापर्यंत भरते आणि वजन काहीच नसतं. वारा सुटला की कंटेनर डुलतो. तेलाचे डबे अर्ध्या उंचीपर्यंतच येतात, पण घाटात इंजिन रडतं.

लोकांना वाटतं ड्रायव्हरचं काम म्हणजे गाडी हाकणं. अर्धं काम थांबण्याचं आहे, आणि त्या अर्ध्या कामाचे पैसे नाहीत. आज मला त्याबद्दलच बोलायचंय.

एक कोल्हापूरची ट्रिप घ्या. रात्री तळोज्यात माल भरला, सील लागलं, बिल्टी हातात. कळंबोलीहून एक्सप्रेस-वे, खालापूरचा टोल, बोरघाट, पुणे बायपास, खेड-शिवापूर, खंबाटकी, सातारा, कराड. साधारण साडेतीनशे किलोमीटर. सकाळी सहाचा स्लॉट दिलेला, म्हणून रात्रभर चालवून पावणेसहाला गोडाऊनच्या गेटवर हजर. वॉचमन टोकन देतो: 41. आत धक्के चार.

आता झोपावं म्हणाल तर रांग दर वीस मिनिटांनी एक गाडी पुढे सरकते. तुम्ही झोपलात की मागचा हॉर्न मारतो, नाहीतर मधे घुसतो. संडास आत, आणि आत जायला गेट पास. दुपारी चारला गाडी धक्क्याला लागते. मग हमालीचा विषय निघतो. आमच्याकडे याला वाराई म्हणतात. माल कंपनीचा, गोडाऊन दुसऱ्याचं, आणि उतरवायचे पैसे गाडीवाल्याच्या खिशातून! महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांच्या संघटना त्यावर एक घोषणा देतात, 'ज्याचा माल, त्याचा हमाल'. घोषणा झकास आहे. धक्क्यावर मात्र पैसे मोजल्याशिवाय पहिला बॉक्स हलत नाही.

वर ई-वे बिलाची टांगती तलवार. 2021 पासून त्याची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस अशी आहे. गेटवर दिवस गेला तरी ते घड्याळ चालूच. मुदत संपण्याच्या आठ तास आधी किंवा नंतर वाढवून घेता येते, पण त्यासाठी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कुणीतरी फोन उचलायला पाहिजे.

कायदा काय म्हणत होता ऐका. मोटर वाहतूक कामगार कायदा 1961 चा, 2025 पर्यंत लागू होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48. पगार ट्रिपवर असला की हे तास मोजणार कोण? गेटबाहेरचे दहा तास मालक 'आराम' धरतो, कंपनी काहीच धरत नाही.

आणि याचा हिशेब शेवटी रस्त्यावर होतो. गेल्या वर्षी असाच संध्याकाळी सातला मोकळा झालो. फोन आला, कराडहून परतीचा माल भर, सकाळी भिवंडीला गाडी लाव. मी म्हटलं, "शेठ, खंबाटकीच्या अलीकडे चार तास झोपणार, मगच निघणार." तिकडून आवाज, "मग दुसरा ड्रायव्हर बघतो." बघितलाही. पुढच्या दोन ट्रिपा मला मिळाल्या नाहीत, त्या महिन्याचा गाडीचा हप्ता (मोटरसायकलचा हो, ट्रक कुठला आपला!) उसने घेऊन भरला. आजही तिथे तेच उत्तर देईन. कारण त्या रस्त्याने पुढे कात्रजचा बोगदा येतो आणि बोगद्यानंतर नवले पुलाचा उतार. 20 नोव्हेंबर 2022 ला एका ट्रकने तिथे 48 गाड्यांचं नुकसान केलं, तुम्ही व्हिडिओ पाहिले असतील.

त्या उतारावर बरेच जण गाडी न्यूट्रल करतात. का? ट्रिपचं डिझेल ठरलेलं असतं, वाचलं ते ड्रायव्हरचं. पण न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला मागे धरत नाही. मग सारखा ब्रेक दाबायचा, लायनर तापतात आणि तापले की धरत नाहीत. इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर बंद, ब्रेकची हवा भरत नाही. माझ्या उस्तादाने पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं, "ज्या गिअरमध्ये चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर." झोप झालेल्या माणसाला हे आठवतं.

एक चांगली बातमी पण सांगतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झालीय. आमची गाडी त्याआधीची, त्यामुळे खिडकी हाच एसी.

आता माझा भाचा. वय 19, कारचं लायसन्स वर्षभरापूर्वी काढलंय. म्हणतो, "मामा, मला हेवी काढायचंय." मालवाहू गाडीला वय 20 पूर्ण लागतं आणि हलक्या गाडीचं लायसन्स किमान वर्षभर जुनं. म्हणजे थोडे महिने हातात आहेत. आईला, म्हणजे माझ्या ताईला, पसंत नाही. तो म्हणतो, तळोज्यात कंत्राटी हेल्परला काय मिळतं ते बघ, मामाला त्याहून जास्त मिळतं. खोटं नाही ते.

मी त्याला नको म्हटलं नाही. एका साताऱ्याच्या ट्रिपला शेजारी बसवला आणि सांगितलं, मोबाईलमध्ये लिहीत जा: कुठे थांबलो, किती वाजता, कधी सुटलो. सीलचा फोटो वेळेसकट काढ, चलनावर गेट-इनची वेळ लिहून घे. मागे एकदा 640 बॉक्स भरले, उतरताना 638 मोजले, सील शाबूत. तरी दोन बॉक्सचे पैसे माझ्या भाड्यातून कापले गेले. तेव्हापासून फोटोशिवाय मी गाडी हलवत नाही, आणि पुढच्या वेळी त्याच फोटोवर कापलेले पैसे परत आले.

परत येताना खालापूरला चहा घेत त्याने बेरीज करून दाखवली. गाडी चालली नऊ तास. उभी राहिली चौदा.

"आणि यातले पैसे कुठले?" त्याने विचारलं.

"नऊचे," मी म्हटलं.

तो काही बोलला नाही, दुसरा चहा मागवला. फॉर्म अजून भरलेला नाही, पण रविवारी माझ्याबरोबर नाशिकला येतोय, वही घेऊन. ताईचा फोन आला होता, काय पढवलंस म्हणून विचारत होती.

चला, दहाला तळोज्यात लोडिंग आहे. कळंबोली सर्कलला आत्ता किती ट्रॅफिक असेल सांगता येत नाही, निघतो.