सातासमुद्रांपलीकडचे औक्षण



वडोदरे, इंदूर, बेळगाव अशा गावांतील कितीतरी मराठी घरांतील मुले आज लंडनला किंवा न्यू जर्सीत संसार थाटून आहेत. तिकडच्या नातवंडाचा वाढदिवस जवळ आला, की इकडे आजीच्या मनात पहिला प्रश्न येतो, "त्याला ओवाळणार कोण?" आज या प्रश्नाचाच थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम दिवसाची गोष्ट घेऊ. आपल्याकडे वाढदिवस तिथीने करण्याची रीत. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. ती तूट अधिकमास भरून काढतो. त्यामुळे जन्मतिथी आणि जन्मतारीख दरसाल मागेपुढे होतात व साधारणतः १९ वर्षांनी पुन्हा जुळतात. परदेशी या दुहेरीपणाचा उपयोगच होतो. तारखेचा दिवस मित्रांना द्यावा, तिथीचा घराला. मात्र तिथी पालटण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असला, तरी दिवसाची तिथी स्थानिक सूर्योदयावरून ठरते. न्यू जर्सीत सूर्य आपल्यानंतर सुमारे १० तासांनी उगवतो. म्हणून पंचांग तिथलेच पाहावे.

आता तिकडची रीत. इंग्लंडात मुलांच्या मेजवानीच्या निमंत्रणावर आरंभाबरोबर समाप्तीचीही वेळ बहुधा लिहिलेली असते. खेळ होतात, केक कापला जातो, आणि निघताना प्रत्येक बालपाहुण्याच्या हाती खाऊची लहानशी पिशवी पडते. बोरन्हाणात मुलांना खाऊ लुटू देणाऱ्या आपल्या समाजाला ही चाल परकी वाटू नये. केकवरील मेणबत्त्यांची प्रथा अठराव्या शतकातील जर्मनीत आढळते, आणि त्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या सुप्रसिद्ध गाण्याची चाल अमेरिकेतील केंटकीच्या हिल भगिनींच्या १८९३ मधील बालगीतसंग्रहातली आहे. म्हणजे इंग्रजांनीही या गोष्टी बाहेरूनच घेतल्या! "दिवा विझवणे अशुभ" असे मुलाच्या देखत म्हणू नये. मित्रांनी मिळून केलेला आपला आनंद घरी अशुभ ठरतो, असे ज्या बालकाला वाटेल, ते हळूहळू घरच्या चालीरीतींपासूनच दूर जाईल.

तथापि केक आला म्हणून औक्षण जावे असे मुळीच नाही. औक्ष म्हणजे आयुष्य. ते मागावयाचे म्हणून औक्षण. त्याला साहित्य तरी किती लागते? ताम्हन, निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. पाट नसेल तर खुर्ची चालेल, ताम्हन नसेल तर स्टीलचे ताट. पुढे तीळगूळ घातलेले दूध देऊन मार्कंडेयाचे व अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम या सात चिरंजीवांचे स्मरण करण्याची जुनी रीत आहे. दर वाढदिवसाला यांतील एकेकाची कथा सांगितली, तरी सात वर्षांची बेगमी झाली! शाळेत खाऊ धाडताना मात्र तेथील नियम आधी विचारावेत. अनेक शाळांत शेंगदाणे, काजू, बदाम वर्ज्य असतात. आणि अमेरिकेत २०२३ पासून तिळाचीही गणना कायद्याने मुख्य वावड्याच्या पदार्थांत होते.

राहिला आजीचा प्रश्न. पाच सुवासिनी तिथे कोठून आणाव्यात? वडिलांनी ओवाळावे, मोठ्या बहिणीने ओवाळावे, शेजारची प्रेमळ वृद्धा आयरिश असो की पंजाबी, तिच्या हाती ताम्हन द्यावे. आजीच तिकडे गेलेली असेल, तर ती सधवा की विधवा हा विचार कोणी मनातही आणू नये. नातवाचे आयुष्य मागण्याचा अधिकार तिच्याहून अधिक कोणाचा?

आणि ती इकडेच असली, तरी तिला त्या दिवसातून वगळण्याचे कारण नाही. लंडनचे घड्याळ आपल्यामागे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. मूल चार वाजता शाळेतून परतते, तेव्हा इकडे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेआठ झालेले असतात. त्या वेळी आजीने व्हिडिओ कॉलवरून केवळ "मोठा हो" म्हणून थांबू नये. "तू जन्मलास तेव्हा बाहेर पाऊस होता की ऊन, तुझे नाव कोणी सुचवले, तुला प्रथम मांडीवर कोणी घेतले," हे दरवर्षी मराठीत सांगावे. स्वतःच्या जन्माची कथा कोणत्याही मुलाला कंटाळवाणी वाटत नाही. आईबापांनी मध्ये पडून तिचे इंग्रजी करू नये. एखादा शब्द अडला तर मूल विचारील, आणि त्या विचारण्यातच भाषा पुढच्या पिढीकडे जाते.

सतराव्या शतकात तंजावरास आणि अठराव्या शतकात वडोदऱ्या-इंदुरास गेलेले आपले पूर्वजही परमुलखातच होते. त्यांच्या जेवणाची चव बदलली, बोलण्याची ढब बदलली. त्या बदलांतूनही घरातील मराठी टिकली, कारण ती पूजेपुरती न ठेवता त्यांनी मुलांशी रोज बोलण्यात वापरली. लंडनमधील निरांजनालाही तेवढेच हवे: ओवाळणाऱ्याचा आशीर्वाद मुलाला कळला पाहिजे.