भेंडीला हळद लागते तेव्हा

मी बेंगळुरूत भाजीपाल्याच्या वाणांची चाचणी घेतो. मूळचा मराठवाड्यातला.

लहानपणी आमच्या रानात 'पुसा सावनी' भेंडी असायची. एका पावसाळ्यात पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, भेंड्याही पिवळट निघाल्या. बाजारात कुणी हात लावेना. आई म्हणाली, "भेंडीला हळद लागली." त्या रोगाचं नावच हळद्या. विषाणू पसरवते पांढरी माशी. झाड एकदा रोगट झालं की कुठल्याही फवारणीनं बरं होत नाही.

उपाय सापडला रानभेंडीत. तिच्याशी संकर करून परभणीच्या कृषी विद्यापीठानं १९८५ मध्ये 'परभणी क्रांती' आणली. इकडे हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत 'अर्का अनामिका' आणि 'अर्का अभय' तयार झाले. काम सोपं नव्हतं. अशा संकराची पहिली झाडं बहुतेक वांझ निघतात. त्यांचा पुन्हा पुन्हा लागवडीच्या भेंडीशी संकर करून निवड करावी लागते.

चाचणीत आम्ही मधूनमधून रोगाला बळी पडणाऱ्या वाणाची ओळ मुद्दाम लावतो आणि माशीवर फवारत नाही. रोग येऊ देतो, मग रोगट झाडं मोजतो. तोडे आणि भेंडीचा कोवळेपणाही बघतो.

पण विषाणूही बदलतो. त्या गाजलेल्या वाणांवर आज बऱ्याच भागांत हळद्या दिसतो. म्हणून बियाणं घेताना नुसतं नाव बघू नका. विचारा : याची चाचणी कुठे झाली, कोणत्या हंगामात झाली, आणि अलीकडे झाली का?