कॉम्प्युटर कुरकुरला, तर आधी कान द्या

आम्ही वसई तालुक्यातल्या, आगाशी-निर्मळ पट्ट्यातल्या एका बचत गटाच्या बारा जणी. आमच्यातल्या कुणी वाडीत राबतात, कुणी शिवणकाम करतात, तर काही जणी मिळून राजेळी केळ्यांची सुकेळी करून विकतात. आम्ही कुणी इंजिनीअर नाही. दोघींनी एमएस-सीआयटीचा कोर्स केलाय, बाकीच्या बघून बघून शिकलो. आज बोलायचं आहे ते घरातल्या कॉम्प्युटरबद्दल. तो खर्रखर्र करायला लागला, टक-टक वाजायला लागला, मधेच बंद पडायला लागला, तर काय करायचं आणि काय करायचं नाही.

तुम्ही म्हणाल, हे तर दुकानवाल्याचं काम. पण बघा, कुकरची शिट्टी नीट बसली नाही तर आपल्याला बाहेरच्या ओटीवरून कळतं. विहिरीवरचा पंप पाणी न ओढता नुसताच फिरतोय, हे आवाजावरून ओळखून आपणच धावत जाऊन बटण बंद करतो. शिलाई मशीनची सुई वाकली की डोळ्याआधी कान सांगतो. यंत्राचं ऐकायची सवय आपल्याला आहेच. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र 'हात लावू नकोस, बिघडेल' हे इतक्यांदा ऐकलंय की आपण कानही बंद करून घेतो.

तसे कान बंद ठेवल्याचा आम्हांला चांगलाच फटका बसला. आमच्या गटाचा हिशोब एका मैत्रिणीच्या घरच्या कॉम्प्युटरवर होता. मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेला जुना, सेकंडहँड कॉम्प्युटर. गणपतीच्या आधी तो टक-टक, टक-टक असा आवाज करायला लागला. आम्ही म्हटलं, पंख्यात धूळ गेली असेल, सण उरकल्यावर बघू. आठ दिवसांनी तो सुरूच होईना. दुकानात नेला तर कळलं, हार्ड डिस्क गेली. आमचा दोन वर्षांचा हिशोब तिच्यातच होता.

मग चार संध्याकाळी आम्ही पासबुकं, चिठ्ठ्या, बँकेच्या नोंदी घेऊन बसलो. सगळं जुळलं, पण एकीचे कर्जाचे तीन हप्ते कुणाच्याच कागदावर सापडेनात. ती म्हणत होती, 'मी भरलेत.' आम्ही गप्प बसलो. त्या गप्प बसण्यानंच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी तिच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, तिन्ही तारखा पेन्सिलीनं लिहिलेल्या सापडल्या. हिशोब मिटला. पण आपण तिच्यावर संशय घेतला, ही बोच अजून जात नाही. त्या टक-टकीकडे पहिल्याच दिवशी लक्ष दिलं असतं, तर हे झालंच नसतं.

म्हणून आधी त्याच आवाजाबद्दल. हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरची तिजोरी. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत चकत्या असतात, त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. त्यांच्यावरून एक बारीक सुईसारखा भाग सरकत लिहितो आणि वाचतो. त्या दोघांत अंतर किती? केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. म्हणून चालू कॉम्प्युटर हलवला, आपटला, की इजा होते. काम करताना अधूनमधून हलकी कुरकुर होणं नेहमीचं. पण एका लयीत टक-टक, खट-खट, किंवा धातू घासल्यासारखा आवाज आला, आणि सोबत फाइल उघडायला फार वेळ लागायला लागला, तर त्या क्षणी बाकी सगळी कामं बाजूला ठेवा. आधी हिशोबाची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, मग फोटो, मग बाकीचं. साफसफाई नको, सारखं बंद-चालू करणं नको. फाइली घेऊन झाल्या की कॉम्प्युटर बंद करा. डिस्क उघडून बघायची तर कधीच नाही, आत गेलेला धुळीचा एक कणही तिला पुरतो. नवीन डिस्क घ्यायची वेळ आलीच तर एसएसडी मिळते. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे ती वाजत नाही. पण न वाजता, न सांगता बंद पडू शकते, म्हणून दुसरी प्रत तिथेही हवीच.

दुसरा आवाज खर्रर्र, घूंऽऽ असा. हा बहुतेक वेळा पंख्याचा. उभ्या डब्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये, दोन-तीन पंखे असतात. एक प्रोसेसरवर, एक वीजपुरवठ्याच्या पेटीत (दुकानात तिला एसएमपीएस म्हणतात), आणि पुष्कळदा एक मागच्या बाजूला. धूळ साचली की हवा खेळत नाही, आतला भाग तापतो आणि पंखा जोरात धावतो. फारच तापलं तर कॉम्प्युटर स्वतःला वाचवण्यासाठी आपण होऊन बंद पडतो. दहा-पंधरा मिनिटांनी रोजच बंद पडत असेल, तर आधी हाच संशय घ्या.

आवाज नेमका कुठून येतो ते शोधायची आमची पद्धत साधी. वर्तमानपत्राची सुरळी करायची, एक टोक कानाला लावायचं आणि दुसरं कॅबिनेटच्या बाहेरून फिरवायचं. कॅबिनेटच्या पत्र्यावर तळहात दाबल्यावर आवाज थांबला, तर पंखा बरा आहे, पत्र्याचा स्क्रू ढिला आहे. एकदा आमच्याकडे केवढी खडखड होत होती, तर आतली एक वायर पंख्याच्या पात्याला लागत होती, एवढंच.

पंखा साफ करायचा झाला तर क्रम लक्षात ठेवा. कॉम्प्युटर रीतसर बंद करायचा. भिंतीवरचं बटण बंद. प्लग काढायचा. मग कॉम्प्युटरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. हातातल्या बांगड्या काढून ठेवायच्या, मंगळसूत्र किंवा गळ्यातली चेन आत खोचायची, पदर-ओढणी कमरेला. पत्र्याला एकदा हात लावायचा आणि मगच आत हात घालायचा. रंगकामाचा कोरडा, मऊ ब्रश घ्यायचा. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, गरगर फिरू द्यायचं नाही. ओलं फडकं नाही, फिनेल नाही. आणि तेल नाही! आमच्यातल्या एकीनं मायेनं पंख्यात खोबरेल घातलं. थंडी पडली, तेल गोठलं, त्यावर धूळ बसली आणि पंखा जागच्या जागी चिकटला. नवा पंखा दोन-तीनशे रुपयांत येतो, तेवढ्यासाठी प्रयोग नको.

एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नका, प्लग काढलेला असला तरी नाही. तिच्या आत वीज साठून राहते आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो. तिच्यातून चर्र असा आवाज आला, फट् झालं किंवा जळका वास आला, तर भिंतीवरचं बटण बंद करायचं आणि पुन्हा लावून बघायचं नाही. असंच कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर हसण्यावारी नेऊ नका. बहुतेक वेळा घरच्या अर्थिंगचा दोष असतो. काही घरांत प्लगची तिसरी, जाड पिन कापून तो दोन भोकांच्या सॉकेटमध्ये खुपसलेला आम्ही पाहिलाय. ती पिन आपल्या जिवासाठी असते. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. लॅपटॉप असेल आणि त्याची बॅटरी फुगून खालचा भाग वर आला असेल, तर वापरणं आणि चार्ज करणं लगेच थांबवा.

तिसरा आवाज बीप-बीप. इथे आधी एक बघा, बीप कुठून येतोय? शेजारच्या यूपीएसमधून येत असेल, तर वीज गेली आहे आणि तो बॅटरीवर चाललाय. बीप भराभर व्हायला लागले की बॅटरी संपत आली, काम सेव्ह करून बंद करा. बीप कॅबिनेटमधून येत असेल आणि पडद्यावर काहीच दिसत नसेल, तर बऱ्याचदा रॅमची पट्टी नीट बसलेली नसते. आपल्याकडे समुद्र जवळ, हवा खारट आणि दमट. खिडकीच्या गजांना गंज चढतो, तसाच पट्टीच्या सोनेरी टोकांवरही थर येतो. प्लग काढून, मघाशी सांगितलेला सगळा क्रम पाळून, पट्टी काढायची. सोनेरी टोकं मुलांच्या स्वच्छ खोडरबरनं हलकेच पुसायची, खोडरबरचा चुरा झटकायचा आणि दोन्ही बाजूंनी 'टक' वाजेपर्यंत दाबून बसवायची. आमच्या दोन कॉम्प्युटरना एवढ्यानंच पुन्हा जीव आला.

रोज तारीख-वेळ चुकतेय? मग आतली नाण्याएवढी बॅटरी संपली. तिच्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. स्वस्तात मिळते. तारीख चुकली की बँकेच्या साइटही उघडत नाहीत, आणि आपल्याला वाटतं इंटरनेट बिघडलं. मात्र जुनी बॅटरी लगेच लहान मुलांपासून दूर ठेवा. गिळली तर घशात, अन्ननलिकेत गंभीर जखम होते. तसं झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

एक आवाज यंत्राचा नसतोच. इंटरनेट बघताना अचानक भोंगा वाजतो, लाल पाटी येते, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर लगेच फोन करा.' फोन करू नका. ती फसवणूक असते. पाटी बंद होत नसेल तर सरळ कॉम्प्युटर बंद करा. कुणी पैसे काढून घेतलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. तिथे जितकं लवकर कळवाल तितकं बरं.

आता पावसाळ्याचं. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी कसं भरलं होतं, रुळांवर पाणी येऊन लोकल कशा थांबल्या होत्या, हे आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, टेबलावर किंवा उंच स्टुलावर ठेवा. विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा, इंटरनेटची वायरही काढा. पावसाळ्यात कॉम्प्युटर महिनाभर झाकून ठेवण्यापेक्षा रोज अर्धा तास चालवलेला बरा, त्याच्या उबेनं आतला ओलावा कमी होतो. मागच्या बाजूला उघडी फट असेल तर पत्र्याची पट्टी लावून घ्या, नाहीतर पाली, मुंग्या आणि वाडीतले उंदीर तिथे संसार थाटतात. आणि पाणी आत गेलंच, तर 'चालतोय का बघू' म्हणून बटण दाबायचं नाही. तसाच दुकानात न्यायचा.

दुकानात जाताना 'बिघडलाय' एवढंच सांगू नका. एका वहीत लिहून न्या. आवाज कसा आहे, सुरू करताना येतो की काही वेळानं, सतत येतो की थांबून थांबून, त्याआधी काय झालं होतं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून नेला तर उत्तमच. आम्ही पहिल्यांदा असं लिहून नेलं, तेव्हा दुकानदाराचा बोलण्याचा सूरच बदलला. त्याआधी 'सगळंच बदलावं लागेल' असं सांगणाऱ्यानं मग एक पंखा बदलून दिला. खर्च आधी विचारा, बिल घ्या, काढलेला जुना भाग परत मागा. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. आणि निकामी झालेले भाग शेतात जाळू नका, भंगारात फेकू नका, त्यांत शिशासारखे विषारी पदार्थ असतात. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.

आमच्या गटात आता एक नियम आहे. दर महिन्याच्या बैठकीत हिशोबाच्या दोन प्रती निघतात. एक पेन ड्राइव्हवर, तो कॉम्प्युटर असलेल्या घरात राहत नाही, दुसऱ्या सभासदाकडे जातो. दुसरी कागदावर, सगळ्यांच्या सह्यांची. आणि बैठकीच्या सुरुवातीला कॉम्प्युटर सुरू करून दोन मिनिटं सगळ्या जणी गप्प बसून त्याचा आवाज ऐकतो. नव्या मुलींना हसू येतं. पण गेल्या वेळी 'आज वेगळा वाजतोय' हे पहिल्यांदा कुणी ओळखलं असेल? जिचे तीन हप्ते हरवले होते, तिनंच. पंख्याची खरखर होती, अर्ध्या तासात साफ झाली.

तुमच्या घरातला कॉम्प्युटर आज संध्याकाळी सुरू कराल, तेव्हा टीव्ही दोन मिनिटं बंद ठेवा आणि ऐका. नीट चालतो तेव्हा तो कसा वाजतो, हे एकदा कानात बसलं की बिघाड आपोआप कळतो. आणि ऐकून झालं की हिशोबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. आजच घ्या.