अनेक हातांचें एक लेखन

एका वहींत दोघांनीं एकाच वेळीं लिहूं नये, हा जमाखर्च ठेवणाऱ्या घरांतला जुना नियम आहे. एकानें खोडलें आणि दुसऱ्यानें त्यावरच लिहिलें, कीं महिनाअखेर बेरीज जुळत नाहीं आणि दोष कोणाचा हेंहि ठरत नाहीं. आज संगणकास चालविणाऱ्या कित्येक आज्ञावली लाखों ओळींच्या असतात, आणि त्या लिहिणारीं माणसें पुष्कळदां एकमेकांस भेटलेलींहि नसतात. तरीहि बेरीज जुळते. ती कशी जुळते, हाच या भाषणाचा विषय आहे.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ सालीं मार्क रॉचकाइंड यांनीं आज्ञावलीच्या प्रत्येक आवृत्तींतील फरक जपून ठेवणारें एक साधन तयार केलें. १९८२ सालीं वॉल्टर टिची यांनीं त्यांत सुधारणा केली. या पिढीच्या साधनांत वहीचाच नियम पाळला जाई. ज्यानें लिहावयास घेतलें, त्यानें त्या भागास कुलूप लावावें. इतरांनीं वाट पाहावी. किल्लीवाला रजेवर गेला, तर काम अडे. १९८६ सालीं ॲम्स्टरडॅम येथील डिक ग्रून यांनीं हा नियमच उलटा केला. प्रत्येकानें आपापली प्रत घ्यावी, एकाच वेळीं लिहावें आणि मागाहून तीं लिखाणें एकत्र करावीं. दोघांनीं निरनिराळ्या जागीं फेरफार केले असतील, तर यंत्र ते आपोआप जोडतें. एकाच ओळींत दोघांचे हात पडले, तर मात्र यंत्र थांबतें, दोन्हीं पाठ समोर मांडतें आणि निर्णय माणसावर सोंपवितें.

परंतु इतक्या हातांत एखादा हात कपटी असला तर? याचें उत्तर लिनक्सच्या इतिहासांत सांपडतें. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेलें हें काम पुढें जगभरच्या स्वयंसेवकांचें झालें. २००२ पासून त्याची मुख्य नोंद ‘बिटकीपर’ या साधनांत ठेवीत, आणि कांहीं मंडळींच्या सोयीसाठीं जुन्या पद्धतीची एक वेगळी प्रतहि तयार करीत. नोव्हेंबर २००३ मध्यें त्या सोयीच्या प्रतींत दोन नव्या ओळी आढळल्या. वरवर पाहतां त्या साध्या तपासणीच्या दिसत. तुलनेसाठीं तेथें बरोबरीचीं दोन चिन्हें हवीं होतीं. लिहिलें होतें एकच. ‘सी’ या भाषेंत दोन चिन्हें म्हणजे ‘समान आहे काय?’ असा प्रश्न, आणि एक चिन्ह म्हणजे ‘समान कर’ अशी आज्ञा. त्या एका चिन्हाच्या उणीवेमुळें, ती युक्ति जाणणारा साधा मनुष्यहि त्या यंत्रावर सर्वाधिकारी झाला असता. ओळींवर नांव होतें तें एका विश्वासू सहकाऱ्याचें. पण मुख्य नोंदींत त्या फेरफाराचा मागमूस नव्हता. दोन प्रती जुळेनात, म्हणूनच शंका आली आणि ओळी काढून टाकण्यांत आल्या. मुख्य आज्ञावलीस त्यांचा स्पर्शहि झाला नाहीं. तेथें नुसतें नांव पुरें पडलें नाहीं. नोंदीची साखळी कामास आली.

२००५ सालीं ‘बिटकीपर’ची विनामूल्य सवलत बंद झाली. तेव्हां टोरवाल्ड्स यांनीं ३ एप्रिल रोजीं नवें साधन लिहावयास घेतलें, आणि ७ एप्रिलला तें स्वतःचीच नोंद ठेवूं लागलें. हेंच ‘गिट’. यांत प्रत्येक नोंदीस एक खूण असते. ती त्या नोंदीचा मजकूर आणि तिच्या आधीच्या नोंदीची खूण यांवरून गणितानें काढतात. मूळ रचनेंत ती ४० अक्षर-अंकांची असे. जुन्या नोंदींतलें एक अक्षर बदललें, तरी तेथून पुढच्या सर्व खुणा बदलतात. मधलें पान गुपचूप फाडतां येत नाहीं. शिवाय सामान्यतः प्रत्येक सहकाऱ्यापाशीं सगळा इतिहास असतो. त्याच वर्षीं जुलैंत टोरवाल्ड्स यांनीं गिटचा सांभाळ जुनिओ हामानो यांजकडे दिला आणि काम अडलें नाहीं. कारण कामाची स्मृति एका डोक्यांत नव्हती.

तथापि साधन कितीहि चोख असलें, तरी त्यांत काय लिहावें हें माणसाच्याच हातीं आहे. नोंदीबरोबर फेरफाराचें कारण लिहावयाचें असतें. तेथें ‘दुरुस्ती केली’ एवढेंच लिहिणारा आळशी मनुष्य पुढच्या वाचकास अंधारांत ठेवतो. अमुक प्रसंगीं बेरीज चुकत होती म्हणून अमुक बदल केला, असें लिहिणारा त्याचे दिवस वांचवितो. आपली प्रत महिनाभर अलग ठेवून एकदम जोडूं पाहणाऱ्याची फजिती होते. थोडें थोडें जोडणाऱ्याचें सुरळीत चालतें. आणि जोडण्यापूर्वीं दुसऱ्या कोणास तरी तें वाचावयास देणें हा तर उत्तम संघांचा रिवाज आहे.

ज्या घरांतला मुलगा किंवा सून रात्रीं उशिरांपर्यंत पडद्यापुढें बसते, तेथें वडील मंडळींस वाटतें कीं ही एकट्यानें करावयाची विद्या आहे. वस्तुतः त्या वेळीं दूर देशींच्या एखाद्या सहकाऱ्याच्या दहा ओळी लक्षपूर्वक वाचणें चाललेलें असतें. त्यांत चूक दिसली, तर ती सौम्य शब्दांत दाखवावयाची, आणि आपली कोणी दाखविली, तर ती नांवासह नोंदींत राहूं द्यावयाची. चुकीची नोंद राहते म्हणूनच मागें फिरण्याची वाटहि राहते. असें वागण्याची संवय ज्यांस झाली, त्यांच्या हातून अनेकांचें काम एकाचें असल्यासारखें उभें राहतें.