शिंगराचा पहिला घोट

वसंत हा घोड्या विण्याचा हंगाम. पौडच्या पलीकडे, मुळशीतल्या एखाद्या वाडीवर रात्री घोडी व्याली, तर डॉक्टर पोहोचेपर्यंत उजाडायचे. म्हणून दुखण्याची पहिली ओळख धन्यालाच हवी, असे आम्ही म्हणतो.

घोडीच्या वारेतून रोगाशी झुंजणारी द्रव्ये शिंगराला मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात. ती शोषून घेण्याची आतड्याची शक्ती 24 तासांत संपते. निरोगी शिंगरू तासाभरात उभे राहते, 2 तासांत आचळाला लागते. चीक मिळाला नाही, की नाळेतून वा तोंडावाटे शिरलेले जंतू रक्तात माजतात. हाच सेप्सिस.

तापाची वाट पाहू नये. पुष्कळदा अंग गारच पडते. शिंगरू मलूल, घोडीची कास तटतटलेली, एवढी खूण पुरे. सांधा सुजला, तर 'घोडीचा पाय पडला असेल' म्हणून स्वस्थ बसू नये. डॉक्टरांना तत्काळ बोलवावे. शिरेतून प्रतिजैविके, सलाइन, ग्लुकोज आणि निरोगी घोड्याच्या रक्तातील प्लाझ्मा, हे उपचार वेळेवर झाले तर शिंगरू वाचू शकते.

घोड्यांच्या रक्तातून काढलेल्या धनुर्वाताच्या सीरमने असंख्य माणसे जगली. त्या घोड्याचे पोर पहिल्या घोटावाचून जाऊ नये, एवढेच आमचे मागणे.